ऑर्गोनाइट पुरल्यावर तिसऱ्या दिवशी पाऊस आला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी रेझिनमध्ये धातूचा कीस आणि स्फटिक घालून ऑर्गोनाइटचे बारा तुकडे केलेत आणि जमिनीच्या चारी कोपऱ्यांत पुरलेत. महिन्याभरानं ते उकरून, जागा बदलून पुन्हा पुरलेत. दोन्ही वेळा तीन दिवसांच्या आत पाऊस आला. एकदा डोक्यावरच्या ढगात गोल निळं भोक पडलं, त्याचा फोटो तुमच्याकडे आहे. आता गच्चीवर सहा तांब्याच्या नळ्यांचं मोठं यंत्र उभं केलंय आणि विचारताय की नळ्यांचं तोंड कुठल्या दिशेला ठेवावं आणि तुकडे किती वाढवावेत, म्हणजे पाऊस हमखास येईल.

दिशा कुठलीही ठेवा. पावसावर तिचा काही परिणाम होणार नाही. बारा तुकड्यांनी होत नाही तसा बाराशेंनीही होणार नाही.

पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर तुमच्यावर अन्याय होईल. दोन वेळा पाऊस आला हे खरं आहे, भोक पडलं तेही खरं आहे, आणि खऱ्या गोष्टीचं कारण सांगायला हवं. शिवाय तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. मी जवळपास तीस वर्षं ढगांचं काम केलं, त्यातली काही वर्षं ढगांत बीजारोपण करणाऱ्या, म्हणजे पाऊस पडावा म्हणून ढगात बारीक कण सोडणाऱ्या विमानात बसून. पंखाखालच्या नळकांड्या पेटवायच्या, सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडायचा आणि मग काचेतून ढगाकडे बघत बसायचं, हा आमचा उद्योग. लांबून बघणाऱ्याला तुमच्यात आणि आमच्यात फारसा फरक दिसणार नाही. तुमची जी फसगत झाली ती माझीही झाली होती. ते पुढे सांगतो.

आधी हे ऑर्गोन प्रकरण आलं कुठून ते बघू, कारण तुम्ही जे बनवलंय त्याचा आणि मूळ दाव्याचा संबंध फार पातळ आहे.

विल्हेल्म राइश हा १८९७ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेला डॉक्टर, व्हिएन्नात फ्रॉइडच्या वर्तुळातला मनोविश्लेषक. पुढे तो नॉर्वेत गेला आणि १९३९ मध्ये अमेरिकेत. त्याच सुमारास त्यानं सांगायला सुरुवात केली की सगळ्या विश्वात एक जीवनऊर्जा भरून राहिली आहे. तिला त्यानं ऑर्गोन म्हटलं. ती साठवायला त्यानं पेटी बनवली: आतून धातूचा पत्रा, बाहेरून लाकूड किंवा लोकर अशा सेंद्रिय वस्तूचे थर. माणूस त्यात बसायचा.

जानेवारी १९४१ मध्ये राइश आइन्स्टाइनला भेटायला प्रिन्स्टनला गेला. त्याचं म्हणणं होतं की पेटीच्या वरच्या बाजूला तापमापक धरला तर आसपासच्या हवेपेक्षा थोडं जास्त तापमान दिसतं, आणि ही उष्णता ऑर्गोनची. आइन्स्टाइननं ते उडवून लावलं नाही. एक छोटी पेटी ठेवून घेतली, स्वतः मोजलं, आणि फरक खरोखरच दिसला! मग त्याच्या सहकाऱ्यानं एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. बंद खोलीत छताजवळची हवा जास्त गरम असते आणि खालची गार, त्यामुळे टेबलाच्या वर आणि खाली थोडा फरक पेटी नसतानाही असतोच. तसं तपासून पाहिल्यावर सगळा हिशोब त्यातच बसला. राइशनं लांबलचक पत्र पाठवून आपली बाजू मांडली, पण आइन्स्टाइनपुरता विषय मिटला होता.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. राइशचा तापमापक खोटं बोलत नव्हता. फरक होता, पण त्याचं कारण त्यानं धरलं होतं ते नव्हतं. तुमच्या पावसाचंही असंच आहे.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राइश हवामानाकडे वळला. त्याचं ‘क्लाउडबस्टर’ म्हणजे फिरत्या चौकटीवर बसवलेल्या लांब पोकळ धातूच्या नळ्या, मागून लवचिक नळ्यांनी विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्याला जोडलेल्या. पाणी ऑर्गोन ओढून घेतं, म्हणून नळ्या आकाशाकडे रोखल्या की तिथली ऊर्जा खाली खेचली जाते, असा विचार. त्याची सगळ्यात गाजलेली हकिगत जुलै १९५३ ची. अमेरिकेच्या मेन राज्यात ब्लूबेरीच्या बागा दुष्काळानं सुकत होत्या. बागायतदारांनी राइशला गाठलं, पाऊस पडला तर पैसे द्यायचं ठरलं. ६ जुलैला त्यानं यंत्र चालवलं आणि त्या रात्रीपासून पाऊस सुरू झाला. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, बागायतदारांनी पैसे दिले. आजही ऑर्गोनवाले याच दिवसाचा दाखला देतात.

आता हवामानवाल्याच्या नजरेनं बघा. मेन हे अटलांटिकच्या काठावरचं राज्य. तिथे पावसाळा असा वेगळा नसतो, बाराही महिने पाऊस होतो, आणि जुलैतही सरासरी तीन-चार दिवसांतून एकदा सर येते. तिथे काही आठवडे कोरडे गेल्यावर एका रात्री पाऊस येणं यात नवल काय? लोक उपाय शोधायला निघतात ते अगदी गळ्याशी आल्यावर, आणि तोवर कोरड्या काळाचे दिवस बहुधा भरत आलेले असतात. दुष्काळाच्या सुरुवातीलाच पाऊस पाडणाऱ्याला कोणी बोलावत नाही.

राइशचा शेवट वाईट झाला, तोही सांगून टाकतो, कारण ‘पाऊस पाडत होता म्हणून सरकारनं त्याला संपवलं’ अशी कथा फिरते. खटला हवामानाचा नव्हताच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९५४ मध्ये न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला तो रोग बरे करणारी पेटी म्हणून ती राज्याबाहेर पाठवण्याविरुद्ध. राइशच्या एका सहकाऱ्यानं हुकूम मोडून पेट्या हलवल्या आणि अवमानाच्या आरोपाखाली राइशला दोन वर्षांची शिक्षा झाली. १९५६ मध्ये त्याची पुस्तकं सरकारी आदेशानं जाळली गेली. ही लाजिरवाणी गोष्ट होती, यात मला शंका नाही. ३ नोव्हेंबर १९५७ ला तो तुरुंगात वारला. पण माणसावर अन्याय झाला म्हणून त्याचं यंत्र खरं ठरत नाही.

यात रेझिन कुठे आलं? कुठेच नाही. राइशनं रेझिनला कधी हात लावला नाही. रेझिन आणि धातूचा कीस यांच्या मिश्रणाला ‘ऑर्गोनाइट’ हे नाव कार्ल हान्स वेल्झनं १९९० च्या दशकात दिलं. त्यात स्फटिक घालायची आणि केकच्या छोट्या साच्यांत तुकडे ओतून मोबाइल टॉवरभोवती पुरायची पद्धत डॉन क्रॉफ्टच्या मंडळींनी २००० सालाच्या आसपास पसरवली. तुमचं सहा नळ्यांचं बादलीतलं यंत्र हेही त्यांचंच. राइशच्या यंत्रात नळ्या पाण्याला जोडलेल्या होत्या, कारण त्याच्या मते काम पाणी करत होतं. तुमच्या नळ्या रेझिनच्या गोळ्यात रुतलेल्या आहेत. म्हणजे राइश बरोबर होता असं क्षणभर धरलं तरी तुमचं यंत्र त्याच्याच हिशोबानं चालायला नको. राइशला मानणारे जुने लोकही ऑर्गोनाइटला नाक मुरडतात ते उगाच नाही.

आता थोडं गणित. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे जमीन जेमतेम ओली झाली, तरी ते १,००० टन पाणी असतं. हे पाणी आधी बाष्प होतं. बाष्पाचं पाणी होताना दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक मिलिमीटरच्या त्या पावसामागे जवळपास सात लाख युनिट विजेएवढी ऊर्जा हवेत सुटली, असा हिशोब होतो. शंभर चौरस किलोमीटरवर दहा मिलिमीटरची चांगली सर झाली तर हाच आकडा हजारपट होतो, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या साधारण चाळीसपट. आणि हे काही तुफान वादळ नव्हे, एका दुपारचा साधा पाऊस.

यावर तुमच्यासारखे विचारी लोक लगेच म्हणतात, ‘ऊर्जा आम्ही देत नाही, फक्त ठिणगी देतो. तुम्ही तरी मूठभर सिल्व्हर आयोडाइडच टाकता ना?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ढगातला थेंब साधारण एक शतांश ते दोन शतांश मिलिमीटरचा असतो. तो इतका हलका की खाली पडतच नाही, तरंगत राहतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून आभाळ भरून येऊनही बहुतेक ढग न बरसता विरून जातात. काही ढगांत पाणी शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही गोठलेलं नसतं, कारण बर्फ धरायला कशाचा तरी आधार लागतो आणि तो मिळालेला नसतो. अशा वेळी बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती रचना असलेला कण त्यात टाकला की त्यावर बर्फ धरतो. बर्फाचा कण आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेत भराभर वाढतो, जड होतो आणि खाली पडतो. सिल्व्हर आयोडाइडची स्फटिकरचना बर्फाच्या रचनेच्या अगदी जवळची आहे. १९४६ मध्ये बर्नार्ड व्हॉनेगटला ते रचनांचे तक्ते चाळताना सापडलं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला व्हिन्सेंट शेफरनं विमानातून खऱ्या ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकला होता आणि ढगाखालून हिमाच्या रेघा लोंबायला लागल्या होत्या.

म्हणजे ठिणगीलासुद्धा ठिकाण लागतं. कण ढगात पोचावा लागतो, ढग पुरेसा थंड असावा लागतो, त्यात न गोठलेलं पाणी असावं लागतं. यातली एक गोष्ट नसली तर आम्ही विमान उडवून फक्त इंधन जाळलेलं असतं. तुमचा तुकडा जमिनीत वीतभर खोल आहे आणि ढग दोन-चार किलोमीटर वर. मधल्या हवेत तो काय पाठवतो? सांगितलं जातं ते असं: रेझिन सुकताना आकसतं, आतल्या स्फटिकावर दाब येतो, दाबलेला स्फटिक वीज देतो, म्हणून तो सतत ऊर्जा सोडत राहतो. यातला पहिला भाग बरोबर आहे. रेझिन आकसतं आणि क्वार्ट्झ दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पण तो येतो दाब बदलतो तेव्हा. दाब कायम राहिला की थोड्या वेळात भार निघून जातो आणि पुढे काही होत नाही. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर एकदाच ठिणगी पडते. खटका रात्रभर दाबून धरला तर रात्रभर ठिणग्या पडत नाहीत.

कोणी फुलपाखराचा दाखला देतं. हवामान इतकं नाजूक आहे की फुलपाखराच्या पंखानं दूरवर वादळ होऊ शकतं, मग ऑर्गोनाइटनं का नाही? तो युक्तिवाद खरा मानला तर तुमच्या तुकड्याइतकाच परिणाम शेजारच्या म्हशीच्या शेपटीचा, रस्त्यावरच्या ट्रकचा आणि तुम्ही खड्डा खणलात त्या कुदळीचाही होतो. त्यातून पाऊस होईल की आलेला पाऊस जाईल, हेही कोणाला आधी सांगता येत नाही. अशा गोंधळातून हवं ते हवामान काढता येत नाही, हाच तर त्या दाखल्याचा मूळ अर्थ.

तर मग तुमचे दोन पाऊस.

समजा तुमच्याकडे त्या मोसमात कुठल्याही दिवशी पाऊस पडण्याची शक्यता ३० टक्के आहे. तर तीन दिवसांत एकदा तरी पाऊस पडण्याची शक्यता ६६ टक्के होते. लागोपाठ दोन्ही वेळा तसं होण्याची शक्यता ४३ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जरा कमी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असं आपण म्हणतो, पण इथे फांदी तर रोज मोडतेय. कावळा कधीही बसला तरी गाठ पडणारच. आणखी एक विचारतो, मनाशीच उत्तर द्या: तुकडे पुरायचा मुहूर्त कसा ठरला? हवा कोंदट झाली होती, पश्चिमेला ढग दिसत होते, आता जोर लावला पाहिजे असं वाटलं, असं काही होतं का? तसं असेल तर शक्यता ६६ नाही, ८० च्याही वर असेल.

हजार लोकांनी तुकडे पुरले तर त्यातल्या साडेसहाशे जणांना तीन दिवसांत पाऊस ‘मिळतो’. ते फोटो काढतात, सगळ्यांना सांगतात. उरलेले साडेतीनशे गप्प बसतात किंवा त्यांना सांगितलं जातं की स्फटिक चुकला, तुकडे कमी पडले, मनात शंका होती. तुम्ही वाचलंत ते सगळं त्या साडेसहाशेंचं.

भोकाचा फोटो मात्र मला बघायला आवडला असता. कारण तुम्ही सांगता तसं असेल तर ते भोक बघायला मिळणं भाग्याचीच गोष्ट आहे. पातळ, खवल्यासारखा मधल्या उंचीवरचा ढग, त्यात जवळपास वर्तुळाकार स्वच्छ निळं भोक, आणि भोकाच्या मध्यात खाली लोंबणारा पिसासारखा पांढरा झुबका, बरोबर? आठवून बघा, तो झुबका फोटोत असेल. ढग न गोठलेल्या अतिथंड पाण्याचा असतो. त्यातून विमान चढताना किंवा उतरताना जातं, पंखांजवळची हवा एकदम पसरून आणखी थंड होते, थोडे थेंब गोठतात. मग तेच बीजारोपण घडतं: बर्फाचे कण आसपासची वाफ ओढतात, भोवतालचे थेंब विरून जातात, आणि भोक तासभर रुंद होत राहतं. मधला झुबका म्हणजे खाली पडणारं हिम. म्हणजे तुमच्या डोक्यावर त्या दिवशी खरोखर ढगफोड झाली, फक्त ती प्रवासी विमानानं केली. फोटोची वेळ आणि त्या वेळची विमानांची ये-जा ताडून पाहिलीत तर बहुधा विमानही सापडेल.

विमानामागचे पांढरे पट्टे यंत्र लावल्यावर लवकर विरायला लागले, असंही तुम्ही म्हणता. पट्टा म्हणजे इंजिनातल्या वाफेचा बर्फ. वरची हवा कोरडी असेल तर तो मिनिटभरात जातो. बर्फाच्या दृष्टीनं ती संपृक्त असेल तर पट्टा तासन्‌तास राहतो आणि पसरतो. दहा किलोमीटर उंचीवरची आर्द्रता दिवसागणिक बदलते, तसे पट्टेही बदलतात. आणि कापसाच्या पुंजक्यासारखा छोटा ढग टक लावून बघितला की विरतो, हा खेळ तर मी नव्या सहकाऱ्यांना करून दाखवायचो. असा ढग जन्मून मरायला सहसा अर्धा तासही लागत नाही. पूर्ण वाढलेला निवडा, रोखून बघा, वीस मिनिटांत तो जातोच. शेजारचा न बघितलेलाही जातो.

आता माझी फसगत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुपारी आम्ही एका उंच वाढणाऱ्या ढगाच्या पायथ्याशी नळकांड्या पेटवल्या. वीस-पंचवीस मिनिटांत ढग असा काही बरसला की खालची जमीन दिसेना. विमानात आम्ही टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरल्यावर दोन दिवस हे ज्याला त्याला सांगत होतो. मग आमच्या रडारवरच्या बाईंनी, फार न बोलता, त्या दुपारची चित्रं माझ्यापुढे ठेवली. आमच्या ढगासारखे आणखी पाच ढग त्याच पट्ट्यात होते. आम्ही हात लावला होता तो एक आणि हात न लावलेले चार बरसले होते. त्यातले दोन आमच्यापेक्षा जास्त. मी त्या पाचांकडे पाहिलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘तुमचा ढग बरसला हे मी नाकारत नाही. तुमच्यामुळे बरसला हे कशावरून?’ त्यानंतर विमानात कोणी टाळी वाजवली की मला त्यांचा चेहरा आठवतो.

मोठमोठ्यांचंही हेच झालंय. अमेरिकेत १९६२ ते १९८३ ‘स्टॉर्मफ्युरी’ नावाचा प्रकल्प चालला. चक्रीवादळाच्या मधोमध शांत जागा असते, तो डोळा, आणि त्याभोवतीचं उंच ढगांचं कडं ही त्याची भिंत. या भिंतीबाहेर सिल्व्हर आयोडाइड टाकायचं, तिथे नवी भिंत उभी राहील, डोळा रुंदावेल आणि वारा मंदावेल, अशी कल्पना. ऑगस्ट १९६९ मध्ये ‘डेबी’ वादळात हे केलं आणि वारा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. सगळे खूश. पुढे हात न लावलेल्या वादळांची निरीक्षणं वाढत गेली तेव्हा कळलं की प्रबळ वादळं आपली जुनी भिंत टाकून नवी भिंत स्वतःच बांधतात, आणि तेव्हा वारा आपोआप मंदावतो. शिवाय त्या ढगांत बीजारोपणाला पुरेसं अतिथंड पाणीच नसतं. प्रकल्प बंद झाला. विमानं, उपकरणं, नामांकित शास्त्रज्ञ, वीस वर्षं, आणि तरीही जे आपसूक होणारच होतं ते आपण केलं असं वाटत राहिलं. मग बारा तुकडे पुरणाऱ्याला तसं वाटलं तर त्यात कमीपणा कसला?

बीजारोपणानं हिम पडताना संशयाला जागा न राहील इतकं स्पष्ट दिसलं ते २०१७ मध्ये, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या डोंगरांवर. विमान नागमोडी उडालं आणि रडारवर त्याच नागमोडी रेषेत हिम पडताना दिसलं. निसर्ग नागमोडी रेषेत हिम पाडत नाही. १९४६ पासून तिथवर यायला सत्तर वर्षं लागली, आणि तरीही त्यानं वाढणारं पाणी थोडंच असतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर तपासा, मी तर म्हणेन तपासाच. दोन सारखे डबे घ्या. एकात ऑर्गोनाइटचे तुकडे, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे साधे दगड. डबे दुसऱ्या कोणाकडून बंद करून घ्या. कुठल्यात काय आहे ते त्यानं पाकिटात लिहून स्वतःकडे ठेवायचं, तुम्हाला कळता कामा नये. आठवडा बदलला की नाणं उडवायचं आणि त्याप्रमाणे एक डबा जागेवर ठेवायचा, दुसरा खूप लांब. आभाळ बघून डबा निवडायचा नाही, हा नियम मोडलात तर पुढचं सगळं फुकट. पर्जन्यमापक उघड्यावर, भिंती आणि झाडांपासून दूर. रोज ठरल्या वेळी वाचून आकडा लिहायचा, शून्य असलं तरी. यश म्हणजे काय तेही आधीच लिहून ठेवा. ‘पाऊस नाही पण गारवा आला’ हे नंतर चालणार नाही.

आणि घाईनं निष्कर्ष काढू नका. दोन्ही डब्यांचे पन्नास-पन्नास दिवस झाले आणि शक्यता ३० टक्के असेल तर दोन्हीकडे पंधरा-पंधरा पावसाळी दिवस अपेक्षित आहेत. पण निव्वळ योगायोगानं एकीकडे बारा आणि दुसरीकडे वीस सहज येऊ शकतात. पावसाला पाठोपाठ यायची सवय असल्यामुळे प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा दिसेल. एक अख्खा मोसम तरी द्या, दोन दिलेत तर उत्तम. पाकीट शेवटीच उघडा. ‘माझ्या शंकेमुळे चाललं नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा की डब्यात काय आहे हेच माहीत नसताना शंका नेमकी कुठल्या डब्यावर घेतली.

पुढचे तुकडे करणारच असाल तर दोन-चार गोष्टी पाळा, कारण ऑर्गोननं काही होत नसलं तरी रेझिननं होतं. पॉलिएस्टर रेझिनचा उग्र वास स्टायरीनचा असतो आणि त्यामुळे कर्करोगाचा धोका संभवतो. बंद खोलीत ओतू नका. त्याचा हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, पेरॉक्साइड असतो, एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा. इपॉक्सीनं हाताला एकदा ॲलर्जी धरली की ती सहसा जन्मभर राहते, हातमोजे घाला. मोठा गोळा एकाच वेळी ओतला तर तो आतून तापून तडकतो, कधी धूरही येतो. ॲल्युमिनियमची बारीक पूड विस्तवाजवळ नेऊ नका. आणि नदीत, तळ्यात, विहिरीत तुकडे टाकायचा सल्ला कोणी दिला असेल तर तो मानू नका. उन्हानं आणि पाण्यानं रेझिन भुगा होतं, लोखंडी कीस गंजून फुगतो आणि तुकडा फुटतो, मग तो प्लास्टिकचा चुरा पाण्यातून वेचायला कोणी जात नाही. पुरलेले बाराही काढून घ्या. घरात कागद उडू नयेत म्हणून ते छान उपयोगी पडतात. फक्त पारदर्शक गोल असतील तर खिडकीच्या उन्हात ठेवू नका. भिंगासारखे ऊन एकवटून ते आग लावू शकतात.

गच्चीवरचं यंत्र ही एकच गोष्ट आहे जिची मला खरी काळजी वाटते. माणसाहून उंच सहा तांब्याच्या नळ्या, घराच्या सगळ्यात वरच्या ठिकाणी, खाली रेझिनचा गोळा आणि जमिनीपर्यंत तार नाही. विजेला याहून चांगलं बोलावणं नाही. वीजरोधक बसवतात तेव्हा त्याची जाड तार थेट जमिनीत नेतात. तुमच्या नळ्यांवर वीज पडली तर तिला खाली जायला तुमचं छप्पर, भिंती आणि घरातल्या तारा एवढ्याच वाटा आहेत. दिशा बदलत बसू नका, नळ्या उतरवा. आज आभाळ भरलेलं असेल किंवा लांबून गडगडाट ऐकू येत असेल तर आज गच्चीवर जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या आणि मगच वर जा.